खुलासा: विंचच्या गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरू नका

कोकणातल्या बंदरांवर सल्ला फिरतोय: ट्रॉलरच्या विंचचा (जाळं ओढणाऱ्या यंत्राचा) प्लॅनेटरी गिअरबॉक्स आवाज करू लागला, की ऑइल काढून ग्रीस भरा. कृपया असं करू नका. आवाज दबतो, झीज वाढते. ग्रीस रिंग गिअरच्या, म्हणजे बाहेरच्या दातेरी कड्याच्या, कडेला फेकलं जातं. त्याच्या आत फिरणाऱ्या छोट्या प्लॅनेट गिअरच्या पिनांवरच्या बेअरिंगपर्यंत पुरेसं पोचत नाही. हातड्रिलमध्ये ग्रीस चालतं, पण तिथे भार किती!

आधी ड्रेन प्लग (ऑइल काढायचं बूच) उघडा. ऑइल ताकासारखं पांढरट निघालं तर आत पाणी शिरलंय, बहुतेक शाफ्टच्या सीलमधून. सील बदला, मगच नवं ऑइल. प्लगच्या चुंबकावर बारीक काळा लगदा चालतो. नखाला टोचणारी कपची दिसली तर गिअरबॉक्स खोलाच. ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचं, बहुधा ईपी (जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल) 150 किंवा 220, आणि लेव्हल प्लगपर्यंतच (पातळी तपासायच्या बुचापर्यंत). काठोकाठ भरलं तर तापून सीलमधून गळतं.