तारीख पुसली गेली म्हणून माल बनावट ठरत नाही

"बाटलीवरची तारीख बोटानं पुसली गेली तर माल बनावट, नाहीतर तारीख बदललेली. अस्सल तारीख लेझरनं कोरलेली असते, ती ॲसिटोननंही जात नाही." हा संदेश सध्या खूप फिरतोय. पेयं भरण्याच्या लाइनवर तारखेच्या मशीनपाशी मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बोटानं पुसण्याचं. फसफसणारी पेयं बहुधा थंड भरतात, कारण थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो. ती गार बाटली दमट हवेत आली की तिला घाम फुटतो. मग शाईचा थेंब प्लास्टिकवर न बसता पाण्याच्या पापुद्र्यावर बसतो, आणि बोट लागलं की अक्षर निघून येतं. म्हणूनच छपाईच्या आधी हवेचा जोरदार झोत मारून ती जागा कोरडी करतात. झोताचं तोंड जरा तिरकं झालं किंवा तो छपाईपासून लांब बसवला, तर मधल्या अंतरात बाटली पुन्हा ओलावते. अशा वेळी शाई बदलायची घाई होते. मी म्हणेन, आधी झोत तपासा. पुसट तारीख हा कारखान्याचा दोष आहे, आणि गंभीर दोष आहे. पण तो फसवणुकीचा पुरावा नाही.

ॲसिटोनची परीक्षा तर मुळातच चुकीची. या शाईत बहुतेकदा मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक, म्हणजे शाई विरघळवून ठेवणारा द्रव, असतं. ते एक-दोन सेकंदांत उडून जातं, मागे राळ आणि रंग राहतो. ॲसिटोन त्याच कुळातलं. त्यानं शाई सुटणारच. परत येणाऱ्या काचेच्या बाटल्यांसाठी तर मुद्दाम अशी शाई घेतात, जी बर्फाच्या पाण्यात टिकते, पण धुलाईच्या गरम कॉस्टिक सोड्यात निघून जाते. नाहीतर जुन्या तारखेवरच नवी छापली जाईल.

लेझरची खूण पुसली जात नाही, हे खरं. पण कितीतरी अस्सल लाइनींवर शाईच चालते. शिवाय माल बदलताना मशीनवर जुनाच मजकूर राहिला, तर लेझर ती चुकीची तारीखही तितकीच पक्की कोरतो.

शंका घ्यायची तर ती अंकांखाली जुन्या अंकांची सावली दिसली, झाकणाची कडी आधीच तुटलेली असली किंवा खोक्यावर वेगळीच तारीख असली तर घ्या. अशी बाटली उघडू नका. बॅच नंबर दिसेल असा फोटो कंपनीला पाठवा. आणि तारीख वाचताच येत नसेल, तर ती बाटली घेऊच नका.