‘घुबडाचा आवाज काढा, गॉबलर ओरडतोच’: नाही हो, असं नसतं

अमेरिकेत स्प्रिंग टर्की सीझन, म्हणजे वसंतातला जंगली टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम, जवळ आला की तोच एक मेसेज परत फिरायला लागतो, कधी इंग्रजीत, कधी कुणीतरी मराठीत करून टाकलेला. थोडक्यात सांगायचं तर असा: पहाटे जंगलात जा, घुबडाचा आवाज काढा, गॉबलर म्हणजे नर टर्की असेल तर उत्तर देणारच, उत्तर नाही आलं तर तिथे टर्कीच नाही, पुढची जागा बघा. आवाज जेवढा मोठा आणि लांब तेवढा चांगला. दिवसभर हाच आवाज चालतो. घुबड शत्रू आहे म्हणून गॉबलर चिडून ओरडतो आणि आवाजाच्या दिशेने येतो. आणि तोंडाने जमत नसेल तर फोनवर लावा, नाहीतर सरळ गॉबल कॉल म्हणजे नराच्याच ओरडण्याची नक्कल वापरा.

मी पेनसिल्व्हेनियात शिकार करतो, आणि हे वाचून नवीन लोक चांगल्या भरल्या जागा सोडून जाताना बघतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की वसंतात जंगली टर्कीचा नर माद्यांना बोलवायला गॉबल करतो, आणि अचानक मोठा आवाज झाला तर कधीकधी नुसता दचकल्यासारखा पण गॉबल करतो, त्याला शॉक गॉबल म्हणतात. लोकेटर कॉल म्हणजे तो शॉक गॉबल काढून घ्यायचा आवाज: घुबड, कावळा, सुतारपक्षी, पश्चिमेकडे कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), आणि हो, मोरसुद्धा.

आता पहिला मुद्दा, उत्तर नाही म्हणजे पक्षी नाही. हे साफ चूक आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. गॉबलर गप्प राहायला किती कारणं असतात बघा. त्याच्याबरोबर माद्या असतील तर त्याला ओरडायची गरजच पडत नाही, झाडावरून उतरला, माद्यांमागे चालू लागला, तुम्ही घुबड वाजवा नाहीतर ढोल वाजवा तो मूग गिळून बसतो. वारा असेल, पाऊस असेल तर तो ओरडला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. रात्री आजूबाजूला कायोटी फिरून गेला असेल तर सकाळी गप्प. आणि शिकाऱ्यांचा वावर वाढला की गॉबलिंग कमी होतं, हे काही नुसतं कॅम्पवर बसून मारलेल्या गप्पांमधलं नाही, दक्षिणेत साउथ कॅरोलायनाकडे जंगलात रेकॉर्डर लावून संशोधकांनी सीझनभर गॉबल मोजलेत आणि शिकार सुरू झाल्यावर आकडा खाली येतो हे त्यात दिसलंय. म्हणजे पब्लिक लँडवर, सगळ्यांना खुल्या असलेल्या सरकारी जमिनीवर, दुसऱ्या आठवड्यात गॉबलरने तुमच्या घुबडाला उत्तर दिलं नाही तर त्यात नवल काहीच नाही, त्याने त्या आठवड्यात आधीच ढीगभर घुबडं ऐकलेली असतात ज्यांच्या पायात बूट होते.

मग जागा भरलेली आहे की नाही हे कशावरून कळतं? जमिनीवरून. ओकच्या झाडांखाली पाचोळा उकरलेला दिसतो, एका बाजूला सरकवलेला, खाली ओली काळी माती उघडी. विष्ठा बघा, नराची बहुतेक वेळा लांबट आणि टोकाला वळलेली, इंग्रजी जे सारखी, मादीची गोळा झालेली. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर धुळीत पंख टेकवून ओढल्याच्या रेघा दिसल्या, पावलांच्या दोन्ही बाजूंनी समांतर, तर नर तिथे पंख खाली सोडून पिसारा फुलवून फिरलाय. अशी जागा दिसली आणि सकाळी एकही गॉबल आला नाही तरी ती सोडायची नाही, तिथेच झाडाला पाठ टेकून बसायचं आणि मधूनमधून हळू मादीचा आवाज काढत राहायचं. गप्प गॉबलर येतो तेव्हा गप्पच येतो, तुम्हाला आधी पाचोळ्यातली पावलं ऐकू येतात.

शत्रू म्हणून चिडतो हा मुद्दा. ग्रेट हॉर्न्ड आउल म्हणजे मोठं शिंगवालं घुबड टर्कीवर हल्ला करतं हे खरं, पण बहुतेक शिकारी आवाज काढतात तो बार्ड आउलचा, आठ सुरांचा, हू हू हूहूऽ, हू हू हूहूऽअ, शेवटचा सूर खाली घसरणारा. शॉक गॉबल फक्त घुबडाला असता तर चिडण्याची गोष्ट मानली असती. पण गॉबलर ढगांच्या गडगडाटाला ओरडतो, गाडीचं दार धाडकन लावलं तर ओरडतो, ट्रेनच्या भोंग्याला ओरडतो. आपल्याकडे हे कुणाला पटवायची गरजच नाही खरं तर, मोराची चिंचोली नाहीतर जिथे कुठे मोर आहेत तिथे ढग गरजले की मोरांचा ओरडा ऐकलेला असतो प्रत्येकाने, आणि मोर आणि टर्की दोघे एकाच फॅजिअनिडी कुळातले. वसंतात नराच्या अंगात हार्मोन भरलेले असतात, आवाजाचा धक्का बसला की गॉबल बाहेर पडतो, त्यामागे वैरभाव शोधू नका.

आणि त्यामुळेच तो घुबडाकडे चालत येत नाही. लोकेटर कॉलचा फायदाच मुळी हा आहे की त्याच्यात मादी नाही. पहाटे तुम्ही रिजवर म्हणजे डोंगराच्या धारेवर उभे आहात, झाडामागे बसलेले नाही, बंदूक खांद्याला, आणि तेव्हा यल्प म्हणजे मादीच्या हाकेचा आवाज काढलात आणि जवळच गॉबलर असेल तर तो तुम्ही बसायच्या आत समोर येऊन उभा राहील आणि तुम्हाला बघून निघून जाईल, त्याची नजर किती तेज असते हे एकदा तरी अनुभवलंय सगळ्यांनी. घुबडाच्या आवाजाला तो फक्त ओरडतो, जागा सांगतो, आणि फांदीवरच बसून राहतो. मग तुम्ही अंधाराचा फायदा घेऊन शंभर-दीडशे यार्डांपर्यंत जायचं, बसायचं, आणि त्यानंतर मादीचा आवाज. त्याला जवळ आणायचं काम यल्पचं, घुबडाचं नाही. ही दोन कामं एक करून टाकली की सगळा गोंधळ.

आवाज मोठा आणि लांब असावा हे अर्धं खरं. मोठा ठीक, पण लांब अजिबात नको, कारण शॉक गॉबल लगेच येतो, बऱ्याचदा तुमचा आवाज संपायच्या आत, आणि तुम्ही वीस सेकंद हूहू करत राहिलात तर ते उत्तर तुमच्याच आवाजाखाली दबलं. म्हणून कावळ्याचे तीन-चार तुटक काव काव जास्त कामाचे. घुबडाचे आठ सूर काढा आणि थांबा, श्वास धरा, जॅकेटची बाही घासू देऊ नका, तोंड किंचित उघडं ठेवा, डोकं हळू फिरवा. आणि दिशेबाबत सुद्धा घाई नको, फांदीवरचा गॉबलर तोंड पलीकडे करून ओरडला तर दोनशे यार्डांवरचा पक्षी पुढच्या रिजवरचा वाटतो, तोंड तुमच्याकडे वळवलं की एकदम छातीवर आल्यासारखा. मेमध्ये पानं फुटली की अजून फसगत होते, आवाज पानांत विरतो आणि पक्षी वाटतो त्यापेक्षा जवळ असतो, लोक नीट अंदाज न घेता चालत जातात आणि त्याला झाडावरून उडवतात. एका गॉबलवर पाय उचलू नका, दुसरा येऊ दे.

अजून एक, जे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही: आधी नुसतं ऐका. गॉबलर बऱ्याचदा स्वतःहून ओरडतो, कुणी विचारायच्या आधी, आणि खरं घुबड पण असतंच की जंगलात. फटफटायच्या आधी पोचा, गप्प उभे राहा, रॉबिन गायला लागले आणि पूर्वेला उजळलं तरी काहीच नाही तेव्हा मग एक हूट.

दिवसभर घुबडच, हे पण नाही. बार्ड आउल दिवसा कधीकधी बोलतं, पण सकाळी आठ-नऊनंतर कावळा किंवा पिलिएटेड सुतारपक्ष्याचा आवाज जास्त साजतो, तो त्या वेळच्या जंगलातला आवाज आहे. आणि उशिराची सकाळ सोडू नका, मादी अंड्यांवर बसली की साधारण 28 दिवस बसते, सीझन जसा पुढे जातो तसे दहा-साडेदहाला गॉबलर एकटे पडायला लागतात आणि तेव्हा कावळ्याला दिलेलं उत्तर पहाटेच्या गॉबलपेक्षा मोलाचं. आमच्याकडे सीझनच्या पहिल्या भागात दुपारी बारालाच शिकार बंद करावी लागते, त्यामुळे तो दीड-दोन तासांचा वेळ चहा पिण्यात घालवू नका.

आता फोन. पेनसिल्व्हेनियात टर्कीसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल बेकायदेशीर आहे, आणखीही कितीतरी राज्यांत आहे. मेसेज लिहिणाऱ्याने कुठल्या राज्याचा विचार करून लिहिलंय कळत नाही, दंड तुम्हाला भरायचाय, तेव्हा आपल्या राज्याचं त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक उघडून बघा.

आणि गॉबल कॉल. याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो खरं म्हणजे. स्प्रिंग सीझनमध्ये ऑरेंज म्हणजे लांबून दिसणारे भडक नारिंगी कपडे घालायची इथे सक्ती नाही, सगळे डोक्यापासून पायापर्यंत कॅमोमध्ये, झाडपाल्यात मिसळून जाणाऱ्या कपड्यांत, आणि प्रत्येक जण नर टर्कीच शोधतोय. अशा जंगलात झुडपाआडून नराचा आवाज काढणं म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला आपल्याकडे बोलावणं, आणि टर्कीच्या शिकारीतल्या अपघातांचं एक मोठं कारण माणसाला टर्की समजून गोळी झाडणं हेच आहे. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको असं शिकवतात ते यासाठीच, गॉबलरचं डोकं त्याच रंगांचं असतं, खिशातला पांढरा रुमालसुद्धा आत ढकलायचा. जागा बदलताना ऑरेंज टोपी घाला, सक्ती नसली तरी. तुमच्या कॉलला कुणी माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, जागचे न हलता मोठ्याने, स्पष्ट माणसाच्या आवाजात बोला. आणि दूरवर दुसरा कुणी घुबड काढत असेल तर तो गॉबलर त्याचा समजा आणि दुसऱ्या रिजकडे वळा. ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय त्यांनी निदान गॉबल कॉलची ओळ काढून परत पाठवा, पोरंसोरं वाचतात, यूथ डेला, मुलांसाठी ठेवलेल्या शिकारीच्या दिवशी, मुलांना घेऊन जाणारे आईबाप वाचतात.