स्वयंपाकघर बंद झालं म्हणून अमेरिका मोडली?

सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या बॅचच्या, झाडून सगळ्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. सार असं: १९८० च्या दशकात अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी बजावलं होतं की स्वयंपाक कंपन्यांच्या हाती गेला तर कुटुंब टिकणार नाही, घराचं लॉज होईल. कुणी ऐकलं नाही. १९७१ मध्ये ७१ टक्के घरांत नवरा, बायको, मुलं एकत्र होती, आज जेमतेम २०. आपणही त्याच वाटेवर. आपल्या आया-आज्या सगळं सांभाळून ताजं रांधायच्या, आताच्या बायकांना म्हणे वेळ नाही. आणि फ्रीजमधलं अन्न म्हणजे विष.

अर्थतज्ज्ञांची नावं कुठेच नाहीत, तेव्हा त्यांना तिथेच सोडू. लोक माना डोलावतात त्या आकड्यांवर.

अमेरिकी जनगणना खात्याच्या नोंदीत १९७० साली सुमारे ७१ टक्के घरं विवाहित जोडप्यांची होती, मुलं असोत वा नसोत. २० टक्के हा आकडा वेगळ्याच वर्गाचा आहे: अठरा वर्षांखालची मुलं घरात असलेली विवाहित जोडपी, साल २०१२. हा वर्ग १९७० मध्येही ४० टक्केच होता. सुरुवात एका मापाने, शेवट दुसऱ्या. घट झाली हे खरंच, पण लग्नं उशिरा होतात, मुलं कमी होतात, म्हातारी माणसं जास्त जगतात. एकुलती मुलगी अठराची झाली की तिचे आईबाप रोज एका टेबलावर जेवत असले तरी त्या २० टक्क्यांतून गळतात. घटस्फोटांचं तर उलटंच आहे. १९८१ मध्ये दर हजार लोकसंख्येमागे ५.३, २०२२ मध्ये २.४. लग्नंही कमी झाली, मान्य. पण याच काळात तिथलं बाहेरचं खाणं वाढत गेलंय. हॉटेलामुळे संसार टिकतात असं मी म्हणत नाही, मोडतात असं मात्र यातून निघत नाही.

आणि बाहेरचं जेवण आपल्याकडे काय काल आलं? गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार खानावळीत जेवायचे. खानावळ म्हणजे बहुतेकदा चाळीतल्याच एखाद्या बाईची चूल. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कामगारांची बायका-पोरं गावाला, मनीऑर्डरीच्या वाटेकडे डोळे लावून. ती ताटातूट तुटपुंज्या पगारापायी आणि एवढ्याशा खोलीपायी होती, खानावळीच्या ताटापायी नव्हे.

मला खरा राग येतो तो आया-आज्यांच्या वाक्याचा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. शिवाय ज्या आजीचे गोडवे गातो तिच्या हाताखाली बहुतेक घरांत जावा, नणंदा असायच्या. बदलापूरहून फोर्टला जाणाऱ्या बाईच्या हाताखाली कोण आहे? लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. ती मेथी आदल्या रात्री टीव्हीपुढे बसून नवऱ्याने का निवडली नाही, हे कुणी विचारत नाही.

वेळ काढता येतो. रात्री जेवणं आटोपल्यावर एकाने भांडी आवरून कणीक मळायची, दुसऱ्याने भाजी चिरायची, मटकी फडक्यात बांधायची. सकाळी कुकरात खाली डाळ, वर भात, शेजारच्या शेगडीवर उसळ, तोवर तवा तापलेला. पाऊण तासात दोन डबे भरतात. पण हे दोघांचं वेळापत्रक आहे, एकीच्या गळ्यात घातलं की आठवड्याभरात कोलमडतं. डाव्या-उजव्या बाजूसकट भरलेलं ताट रोज हवं, हा हट्टही सोडावा लागतो. मुगाची खिचडी नि पापड हे जेवणच आहे. पिठलं-भात हेही. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आल्या तर घराचं लॉज होत नाही, त्या लाटणारीही कुणाच्या तरी घरची असते.

राहिला फ्रीज. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, ५ अंशांखाली ठेवा, खाताना नीट वाफ येईपर्यंत तापवा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा सल्ला आहे. विष म्हणायचंच तर रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताला म्हणा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष फोडणीच्या आचेने जात नाही. म्हणजे आपला लाडका फोडणीचा भात बाधतो तो फ्रीजमध्ये ठेवल्याने नव्हे, न ठेवल्याने. उरलेला भात पसरट ताटात गार करून लगेच आत ठेवा आणि सकाळी खुशाल मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी घाला.