अनाथ नव्हे, सोडलेली मुलं

एस्पोझितो या इटालियन आडनावाचे लोक 'अनाथांचे वंशज' आहेत, हे लेखातलं विधान खटकलं. नापोलीत (नेपल्समध्ये) सोडलेली मुलं सांभाळणाऱ्या अनुन्झियाता संस्थेच्या भिंतीतल्या फिरत्या चाकात, म्हणजे बाहेरून बाळ ठेवून आत फिरवायच्या खोक्यात, ठेवलेल्या बाळांना हे आडनाव मिळे, पण त्यांतल्या कितीतरी जणांचे आईबाप हयात होते. गरिबी किंवा लोकलाज आड आली. फ्लोरेन्सच्या इनोचेन्ती संग्रहालयात तसल्याच मुलांच्या खुणा पाहिल्यात: मधोमध कापलेलं पदक, उरलेला अर्धा भाग आईकडे, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. पोटात कालवलं अगदी.

शिवाय हे आडनाव आजही मुख्यतः नापोली आणि आसपासच्या कम्पानिया प्रांतातच दाटलेलं आहे. मिलानमध्ये अशा मुलांना कोलोम्बो म्हणत, तिथल्या इस्पितळाच्या चिन्हावर कबुतर होतं म्हणून. नापोलीचं चाक १८७५ मध्ये बंद झालं, हेही लेखात यायला हवं होतं.