डिजिटल मीटर बसवला म्हणजे वेग अचूक दिसतो, हा समज

‘केबलचा जुना मीटर खोटा वेग दाखवतो, तो काढून युनिव्हर्सल डिजिटल मीटर लावा, वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) अचूक दिसतील, दोन वायरी जोडल्या की काम झाले, पुढे देखभाल नाही,’ असा संदेश बीडपासून नांदेडपर्यंत दुचाकीस्वारांच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातले जवळपास प्रत्येक विधान अर्धवट आहे.

जुना मीटर थोडा जास्त वेग दाखवतो हे खरे, पण तो दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने प्रत्यक्षापेक्षा काहीसा जास्त वेग दाखवलेला चालतो, कमी दाखवलेला मुळीच चालत नाही. डिजिटल मीटर चाकावरच्या चुंबकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे त्याला आपणच भरून द्यावे लागते. ८०/१००-१८ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १,९३९ मिलिमीटर, ९०/९०-१७ चा सुमारे १,८६५. गाडीला पहिला टायर असताना सेटिंग दुसऱ्याचे राहिले, तर ताशी ६० चा वेग ५८ च्याही खाली दिसतो, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. शंका असेल त्याने बीड–धाराशिव महामार्गावर मोकळा पट्टा पाहून मीटरवर ६० धरावे आणि मागे बसणाऱ्याला लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधल्या एका किलोमीटरचा वेळ मोजायला सांगावे. ६६ सेकंद लागले, तर खरा वेग साडेचोपन्नच आहे.

आरपीएमचेही तसेच. फोर-स्ट्रोक इंजिनात ज्वलन दोन फेऱ्यांत एकदा होते, पण अनेक सिंगल-सिलिंडर गाड्यांत ठिणगी प्रत्येक फेरीला पडते. हे न पाहता दोन फेऱ्यांना एक ठिणगी असे सेटिंग केले, तर १,४०० वर शांत चालणारे इंजिन २,८०० दाखवते, आणि मालक विनाकारण कार्ब्युरेटर उघडायला लावतो.

‘दोन वायरी’ हा तर सर्वांत महागात पडणारा सल्ला आहे. कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटला मॅग्नेटोकडून (इंजिनावर फिरणाऱ्या वीजनिर्मितीच्या भागाकडून) थेट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह जातो, तर मीटरला बॅटरीचा १२ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह लागतो. सीडीआयकडून (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडून) इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या वायरीत काहीशे व्होल्टचे झटके असतात. मीटर तेवढे सोसणारा नसेल तर पहिल्याच किकला जळतो.

देखभालीबद्दल एवढेच, की मे महिन्यात परभणीच्या उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचा साधा एलसीडी काळा पडू शकतो आणि थंड होईपर्यंत काहीच वाचता येत नाही.

जुन्या मीटरचा काटा थरथरत असेल, तर बहुतेक वेळा केबल कोरडी किंवा मुडपलेली असते, आणि काटा मुळीच हलत नसेल, तर केबल तुटलेली किंवा चाकाजवळचा मीटर गियर झिजलेला असतो. मिस्त्रीकडून आधी हे तपासून घ्यावे. तरीही मीटर बदलायचाच असेल, तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत, कारण नवा मीटर शून्यापासून मोजू लागतो आणि गाडी विकताना घेणारा तोच आकडा पाहतो.