लीपहॉर्न कोण?

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मालिकेचा पहिला भाग मिळत नाही. तो लोक जपून ठेवतात; रद्दीत येतात ते पुढचे. मला मिळाला तो नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या पोलिसांवरच्या रहस्यमालिकेचा एकोणिसावा भाग, ॲन हिलरमन यांचा ‘स्पायडर वुमन्स डॉटर’, २०१३चा. आधीचे अठरा त्यांच्या वडिलांनी, टोनी हिलरमन यांनी, १९७० ते २००६ या काळात लिहिलेले.

पहिल्याच प्रकरणात, नवाहो राष्ट्राच्या राजधानीत, विंडो रॉकला, हॉटेलाबाहेर एका निवृत्त लेफ्टनंटच्या डोक्यात गोळी घुसते. त्याचं नाव जो लीपहॉर्न, मालिकेचा जुना नायक. जगभरच्या चाहत्यांनी इथे पुस्तक मिटून पाणी प्यायलं असेल. मी शांतपणे पान उलटलं. पुढे जो तो हळहळतो आणि मी आपला मुलाकडचा की मुलीकडचा हे न ठरवताच कार्यालयात शिरलेल्या माणसासारखा सगळ्यांकडे बघून मान हलवतोय.

खुनी कोण हे कोडं मी बाजूलाच ठेवलं. आधी नाती. गोळी झाडलेली पाहणारी पोलीस अधिकारी बर्नी मॅनुएलिटो, तिचा नवरा जिम ची. इथपर्यंत ठीक. पण लीपहॉर्नच्या घरी राहते ती लुईसा त्याची बायको नाही. बायको एमा, ती केव्हाच वारलेली. कशाने, ते विचारायची सोय नाही, कारण परंपरा पाळणारे नवाहो मेलेल्याचं नाव घेणं टाळतात. (त्यांचं बरोबरच असेल, पण नव्या वाचकाने जायचं कुठे?) त्यातून नवाहो माणसं एकमेकांना भेटली की आधी आईचं कुळ, मग वडिलांचं कुळ सांगून रीतसर ओळख करून देतात. एकमेकांना. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही.

शेवटी हट्टाने आधीच्या भागांकडे गेलो. तिथे वेगळीच पंचाईत. १९८६च्या ‘स्किनवॉकर्स’मध्ये एमाच्या आजारपणाने लीपहॉर्न खंगलाय, आणि मला पुढचं सगळं ठाऊक. डॉक्टरांच्या आशेच्या दोन शब्दांवरही मला खूश होता येईना. जिम ची तर भागामागून भाग प्रेमात. आधी शिक्षिका मेरी लँडन, मग वकील जेनेट पीट. याला नवाहो मंत्रविधी शिकून ते करणारा ‘गायक’ व्हायचंय, मेरी म्हणते हा मुलूख सोड. मेरी गेली तेव्हा मी हुश्श केलं. जेनेटला मात्र पानोपानी बजावत होतो, बाई, उगाच वेळ घालवू नकोस, याचं लग्न बर्नीशी ठरलंय. तिने ते ऐकायला नव्वदचं दशक जवळजवळ संपवलं.