सॉफ्टवेअर खड्डे बुजवत नाही

होम थिएटर लावलेल्या आणि लावू पाहणाऱ्या पुणेकरांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो तीन जणांनी पाठवला, तिघांनीही वर 'एकदा वाचच' असं लिहून. त्याचा सारांश असा: सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, सोयीच्या कोपऱ्यात ठेवा, कारण बासला दिशा नसते. रिसीव्हरबरोबर (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राबरोबर) आलेला माइक सोफ्यावर ठेवून सॉफ्टवेअर चालवा, खोलीतले खड्डे, म्हणजे बास नाहीसा होतो त्या जागा, ते बुजवतं. सबवूफरचं अंतर मात्र ते चुकीचं धरतं, तेवढं टेपने मोजून दुरुस्त करा. दोन सबवूफर घ्या असं सांगणारे विक्रेते असतात, एकच मोठा घ्या. आणि एकदा झालं की परत हात लावू नका.

मी सॉफ्टवेअरच्या विरोधातला माणूस नाही. माझ्या घरी ऑडिसीचं एक्सटी३२ हे असंच खोली मोजून आवाज जुळवणारं सॉफ्टवेअर आहे, आणि रविवारी ओळखीच्यांकडे लॅपटॉप नि यूमिक-१ हा मोजमापाचा माइक घेऊन जाण्याची खोड मला लागलेली आहे. म्हणूनच हा मजकूर टोचला. त्यातला सर्वांत घातक सल्ला टेपचा आहे, तेव्हा क्रम मोडून तिथूनच सुरुवात करतो.

कर्वेनगरच्या एका मित्राकडे सॉफ्टवेअरने सबवूफर १८ फुटांवर असल्याचं दाखवलं. टेपने मोजलं तर ११ फूट. मित्राने हसत हसत १८ चे ११ केले आणि मशीनची चूक सुधारल्याचं समाधान मिळवलं. पण मशीन फूट मोजतच नाही, वेळ मोजतं. आवाज माइकपर्यंत पोचायला किती मिलिसेकंद लागले ते पाहतं आणि आपल्याला समजावं म्हणून त्याचे फूट करून दाखवतं. सबवूफरच्या आतल्या ॲम्प्लिफायरमध्ये फिल्टर असतात, हल्ली डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिपही असते, आणि त्यातून बाहेर पडायला सिग्नलला उशीर होतो. वरचे ७ फूट म्हणजे तो उशीर, साधारण ६ मिलिसेकंदांचा.

आता ८० हर्ट्झला, म्हणजे बहुतेकांकडे जिथे क्रॉसओव्हर असतो (त्याखालचा आवाज सबवूफरकडे, वरचा स्पीकरांकडे) तिथे, लहरीची लांबी १४ फूट. तिची निम्मी ७ फूट. मित्राने टेपच्या भरवशावर जे ७ फूट कापले, त्यामुळे नेमक्या सांध्यावर सबवूफर आणि स्पीकर एकमेकांच्या उलट चालू लागले. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे खेचतोय. तबल्याचा बायां आणि पुरुषी आवाजाचा तळ ज्या पट्ट्यात असतो, तिथेच पोकळी. मित्र म्हणत होता, 'बास आहे, पण अंगाला लागत नाही.' १८ परत टाकले, पाच मिनिटांत लागायला लागला.

तरीही सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. बऱ्याच रिसीव्हरांमधलं सॉफ्टवेअर प्रत्येक स्पीकर वेगळा मोजतं. सबवूफर आणि सेंटर, म्हणजे पडद्याखालचा मधला स्पीकर, एकत्र वाजल्यावर काय होतं, ते तपासतच नाही. ते आपण तपासायचं. रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आधी सेंटर एकटा मोजा, मग सबवूफर एकटा, मग दोन्ही मिळून. आलेखावर मिळून आलेली रेघ क्रॉसओव्हरच्या आसपास दोन्ही एकट्या रेघांच्या वर असली पाहिजे. खाली गेली तर सबवूफरचं अंतर एकेक फूट बदलत पुन्हा मोजा. माझी आवडती युक्ती याच्या उलटी आहे: सबवूफरची फेज १८० अंशांवर टाकायची, म्हणजे त्याची लहर उलटी करायची, ज्या अंतराला सर्वांत खोल दरी दिसते ते अंतर पकडायचं, आणि फेज परत शून्यावर आणायची. उत्तम जुळणी शोधण्यापेक्षा संपूर्ण नाश शोधणं सोपं जातं. यात टेप कुठेही येत नाही.

आता खड्डे. खरं तर खड्डे बुजवण्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवायला पुणेकरांकडे काही कारण नाही. खोलीत बास कुठे फुगणार आणि कुठे नाहीसा होणार, हे भिंतींमधलं अंतर ठरवतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा. याच मित्राचा हॉल १५ बाय १२, छत साडेनऊ फूट. लांबीतून ३७.५ हर्ट्झ येतो, रुंदीतून ४७ च्या आसपास, उंचीतून ५९. सोफा लांबीच्या बरोबर मध्यावर होता, आणि ३७.५ हर्ट्झच्या या पहिल्या लहरीचा दाब तिथेच शून्य असतो. म्हणजे पडद्यावर हेलिकॉप्टर येतं, शेजाऱ्यांना ते जाणवतं, आणि सोफ्यावरच्या माणसाला जाणवत नाही.

सॉफ्टवेअर इथे काय करणार? ३७ हर्ट्झचा आवाज वाढवेल. पण तिथली शांतता आवाज कमी असल्यामुळे आलेली नाही. दोन दिशांनी आलेले आवाज एकमेकांना खोडताहेत म्हणून आलेली आहे. दाराला दोन्ही बाजूंनी दोन माणसं सारख्याच जोराने रेटत असतील, तर दोघांनाही दुप्पट मिसळ चारून दार हलत नाही. वाढतं ते ॲम्प्लिफायरवरचं ओझं: ६ डेसिबल वाढवायला चौपट वीज, १० डेसिबलला दहापट. मित्राचा सबवूफर मोठ्या प्रसंगात ठकठक करत होता तो यामुळेच. उपाय म्हणजे सोफा दोन फूट मागे. त्यासाठी जेवणाचं टेबल भिंतीला टेकवावं लागलं, आणि त्याला वहिनींची संमती मिळवायला सगळ्या मोजमापापेक्षा जास्त वेळ गेला.

उंचवट्यांची गोष्ट वेगळी. जिथे बास फुगतो आणि घुमत राहतो, तिथे सॉफ्टवेअर तो खरोखर छान कापतं, आणि कापल्यावर घुमणंही कमी होतं. आपल्याकडे याचा उपयोग मोठा आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशी बराच बास पिऊन टाकते. आरसीसीच्या फ्लॅटमध्ये तो तसाच अंगावर परत येतो.

'कोपऱ्यात ठेवा' हे म्हणून अर्धं बरोबर. कोपऱ्यात सबवूफर सर्वांत जोरात वाजतो आणि खोलीतली प्रत्येक लहर चेतवतो, म्हणजे सॉफ्टवेअरला कापायला भरपूर माल मिळतो. पण सगळे कोपरे सारखे नसतात. जागा शोधायचा जुना मार्ग म्हणजे सबवूफर सोफ्यावर चढवायचा, संथ बास असलेलं काहीतरी लावायचं आणि भिंतीकडेने रांगत, जिथे बास एकसारखा ऐकू येईल ती जागा धरायची. दार तेवढं लावून घ्या. मी एकदा रांगत असताना सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सचं विचारायला आत आले होते.

बासला दिशा नसते, हे साधारण ८० हर्ट्झच्या खाली खरं. छोट्या सॅटेलाइट स्पीकरांसाठी क्रॉसओव्हर १५० ला ठेवून सबवूफर सोफ्याच्या मागे ठेवलात, तर नायकाचा अर्धा आवाज तुमच्या मानेमागून येईल. आणि टॉवर स्पीकर खालपर्यंत वाजतात म्हणून रिसीव्हरने त्यांना 'लार्ज' ठरवलं असेल, तर निःशंकपणे 'स्मॉल' करून, म्हणजे त्यांचा बास सबवूफरकडे वळवून, ८० द्या.

माइक सोफ्यावर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. ऑडिसी पहिल्या जागेवरून अंतर आणि पातळी ठरवतं, म्हणून ती जागा मुख्य बैठकीचीच हवी. पंखा बंद, कुकर गॅसवरून उतरवलेला. शेवटी सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबल दिसली तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. अनेक रिसीव्हरांत ती तळाची मर्यादा असते. सबवूफरमागचं बटण कमी करून सगळं पुन्हा करा.

दोन सबवूफरबद्दल मजकूर साफ चुकलाय. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर फार चांगले ठरले होते. एका सबवूफरने पाडलेला खड्डा दुसरा भरून काढू शकतो, आणि तोही एकाच खुर्चीपुरता नाही. आवाज वाढवायला दुसरा घ्यायचा नसतो, सोफ्यावरच्या चारही जणांना सारखं ऐकू यावं म्हणून घ्यायचा असतो. आपल्या एल आकाराच्या हॉल-डायनिंगला मात्र वेल्टींची आकृती जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे मोजूनच जागा ठरते. आणि एकाच आउटपुटला वाय केबल (एकाची दोन टोकं करणारी) लावून दोन जोडले, तर रिसीव्हरला ते दोन असल्याचं कळतच नाही. मग ते सोफ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर मध्ये मिनीडीएसपी ही वेळ जुळवणारी डबी घालून दोघांची वेळ आपण जुळवा.

राहिलं 'परत हात लावू नका'. सरळ झालेली रेघ बहुतेकांच्या कानाला कोरडी लागते. सबवूफर ३-४ डेसिबल वाढवणं हा काही गुन्हा नाही. आणि खोली बदलली की मोजमाप शिळं होतं. कर्वेनगरच्या त्या हॉलमध्ये सबवूफरच्या जागी दर भाद्रपदात मखर उभं राहतं, सबवूफर दहा दिवस गॅलरीत जातो. परत आणताना चुकू नये म्हणून मित्राने टाइलवर पेन्सिलने चार कोपरे आखून ठेवले होते. यंदा विसर्जनानंतर फरशी पुसताना ते गेले, आणि त्याचा फोन आला: 'रविवारी माइक घेऊन येतोस का?'